के. सुब्रह्मण्यम : फायलीबाहेरचा सल्लागार

आडवाटेचा (धागालेखक)

गेल्या महिन्यात वडिलांची ट्रंक आवरताना पुठ्ठ्याची एक फाइल सापडली. आत इंग्रजी वर्तमानपत्रांतली कात्रणं. पिवळी पडलेली, कडांना खळीचे डाग, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. जवळजवळ सगळ्यांवर एकच नाव : के. सुब्रह्मण्यम. वडील आयुध निर्माणीत फोरमन होते आणि १९७९ मध्ये हे गृहस्थ संरक्षण उत्पादन विभागाचे सचिव होते, म्हणजे वडिलांच्या साहेबांच्या साहेबांच्याही वरचे साहेब. तेवढ्या नात्यावर वडिलांनी पुढे कित्येक वर्षं त्यांचे लेख कापून ठेवले. आईच्या रद्दीच्या हिशोबात खोट यायची ती वेगळीच.

आज हे नाव काढलं की लोक विचारतात, "जयशंकरांचे वडील ना?" हो, तेच. पण माझ्या मते नातं उलटं सांगायला हवं. स्वतंत्र भारतात 'परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाचा अभ्यासक' हा पेशा म्हणून जवळपास नव्हताच. तो या माणसाने उभा केला, आणि तोही बराचसा नाइलाजाने.

थोडक्यात माहिती. जन्म १९२९, तिरुचिरापल्ली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र. १९५१ च्या तुकडीचे आयएएस. चीनकडून मार खाल्ल्यानंतरच्या वर्षांत संरक्षण मंत्रालयात उपसचिव. १९६६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वर्षभराची अभ्यासवृत्ती. परत आल्यावर १९६८ मध्ये आयडीएसए या संरक्षण अभ्यास संस्थेचे संचालक. संस्था जेमतेम तीन वर्षांची. आयएएस अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही नेमणूक म्हणजे वळचणीला बसवणं. ना जिल्हा, ना खातं, ना बदल्यांचे अधिकार. तिथे ते १९७५ पर्यंत राहिले.

१९७७ मध्ये सरकार बदललं आणि ते गुप्तचर संस्थांची माहिती एकत्र जोखणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष झाले, मग संरक्षण उत्पादन सचिव. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि त्यांचं सचिवपद गेलं. जयशंकरांनी जाहीर मुलाखतीत सांगितलंय की तेव्हा हटवलेले पहिले सचिव आपले वडीलच होते. मग पुन्हा आयडीएसए, १९८७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. दोनदा वळचणीला, आणि दोन्ही वेळा माणसाने वळचणीलाच घर बांधलं.

आता माझा मुद्दा. सल्लागार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पंतप्रधानांच्या कानाशी लागलेला माणूस येतो. सुब्रह्मण्यम यांची उमेदीची वर्षं त्या कानापासून चार हात लांबच गेली. त्यांचं खरं हत्यार वर्तमानपत्रातला लेख हे होतं. चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केला तेव्हापासून 'भारताला बॉम्ब लागेल' हे ते सांगत राहिले. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराविरुद्ध लिहिलं, १९७४ च्या पोखरणनंतर सरकार थंड पडलं तरी लिहिलं, १९९६ मध्ये चाचणीबंदी कराराच्या वेळी लिहिलं. १९९८ मध्ये स्फोट झाले तेव्हा वाचणाऱ्या वर्गाला त्यामागचा युक्तिवाद पाठ झालेला होता. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचं निमंत्रकपद आलं ते त्याच वर्षाच्या शेवटी, वयाच्या सत्तरीला टेकल्यावर. फायलीत लिहिलेला सल्ला साहेबाबरोबर बदलून जातो, छापलेला सल्ला लोकांच्या डोक्यात राहतो.

सगळ्यांना पटेल असं नाही. लिहा बिनधास्त.

---

शंकासूर

लेख आवडला, पण आरती जरा जास्त झाली. १९७१ सोयीस्कर गाळलंत. २५ मार्चला ढाक्यात कत्तल सुरू झाली आणि ३१ मार्चला हे महाशय दिल्लीत एका परिसंवादात उघडपणे म्हणाले की पाकिस्तान फुटणं आपल्या हिताचं आहे आणि अशी संधी पुन्हा यायची नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा संचालक हे बोलतो! पाकिस्तानने ते वाक्य 'बघा, हे भारताचं कारस्थान' म्हणून जगभर नाचवलं. आपण तेव्हा निर्वासितांचा प्रश्न घेऊन राजधान्या पालथ्या घालत होतो. छापलेला सल्ला लोकांच्या डोक्यात राहतो म्हणता ना, तो शत्रूच्याही राहतो.

---

आडवाटेचा

शंकासूर, गाळलं नव्हतं, प्रतिसादात येईलच म्हणून ठेवलं होतं. :) आलंच.

ते तसं बोलले हे खरं. पण त्यांचं म्हणणं लवकर हात घालावा असं होतं, आणि सरकारने ते ऐकलं नाही. पावसाळा जाऊ दिला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत करार केला, युद्ध डिसेंबरमध्ये. निर्णय घेणारे पंतप्रधानांचे सचिव हक्सर, मुत्सद्दी डी. पी. धर, 'रॉ'चे प्रमुख काव, लष्करप्रमुख माणेकशा. पूर्व बंगालच्या नद्या पावसाळ्यात कशा फुगतात हे पाहिलं तर ऐकलं नाही तेच बरं झालं. ध्येय त्यांनी सहाव्या दिवशी अचूक सांगितलं, वेळ चुकीची सांगितली. अभ्यासकाचं हे नेहमीचंच. सैन्य हलवायला किती आगगाड्या लागतात याचा हिशोब त्याला द्यावा लागत नाही.

---

माजी_बाबू

दिल्लीत एका मंत्रालयात बावीस वर्षं काढली, कुठलं ते विचारू नका. सेक्शन ऑफिसर म्हणून लागलो, उपसचिव होऊन सुटलो. 'वळचण' शब्द अगदी नेमका आहे.

अशा संस्थांचे अभ्यास आमच्याकडे यायचे. जाड कागद, स्पायरल बाइंडिंग, वर 'गोपनीय'चा शिक्का. त्याचं पुढे काय होतं ते सांगतो. डिस्पॅचमधून डायरी नंबर पडून सेक्शनला येतो. डीलिंग हॅंड, म्हणजे ते काम पाहणारा कारकून, हिरव्या नोटशीटवर तीन ओळी लिहितो : अमुक संस्थेकडून अहवाल प्राप्त, माहितीस्तव सादर. मी सही करून वर पाठवतो. अंडर सेक्रेटरी 'सीन', म्हणजे पाहिलं. डायरेक्टर 'सीन'. जॉइंट सेक्रेटरींना रस वाटला तर समासात 'प्लीज स्पीक'. मग डायरेक्टर जाऊन बोलतात आणि परत येऊन लिहितात, 'स्पोकन. मे बी फाइल्ड.' संपलं. हे 'बोलले' ते काय बोलले, त्याचा कागदावर मागमूस नसतो. अहवाल कपाटात, किल्ली माझ्याकडे.

आता तोच मुद्दा मंगळवारच्या पेपरात छापून येऊ द्या. सकाळी साडेनऊला मंत्र्यांच्या खासगी सचिवाचा फोन : "साहेबांनी वाचलंय, संध्याकाळपर्यंत टिपण हवं." तोच जॉइंट सेक्रेटरी, तोच डायरेक्टर, आणि कपाटातला तोच अहवाल शोधायला मीच. म्हणून लिहिणाऱ्या माणसाला आमच्याकडे शिव्याही बसायच्या आणि त्याचा लेख कापून फायलीत लावलाही जायचा.

---

तिरकस

बाबूकाका, किल्ली अजून तुमच्याकडेच असेल तर सांगा, आम्ही येतो. :D

बाकी एक काडी टाकतो. हेच सुब्रह्मण्यम १९७१ मध्ये सोव्हिएत कराराच्या बाजूने आणि २००५ नंतर अमेरिकेशी अणुकराराच्या बाजूने. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायची आणि शेवटी 'हा करार सोडू नका'. वारा येईल तशी पाठ?

---

अनुराधा_नक्षत्र

तिरकस, पाठ फिरवली की वारा फिरला? १९७१ मध्ये अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूला उभे होते, निक्सनचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं होतं. तेव्हा मॉस्कोला धरणं यात तत्त्वज्ञान कमी आणि हिशोब जास्त. २००५ मध्ये सोव्हिएत संघ नकाशावरून जाऊन चौदा वर्षं झाली होती, चीन वर येत होता आणि अमेरिकेलाच भारत हवा होता. माणूस दोन्ही वेळा एकच विचारत होता : यात आपली ताकद वाढते का? अलिप्ततेकडेही ते तसंच पाहायचे, सोवळं म्हणून नव्हे. त्यामुळे जुने डावे सोबती दुरावले, ही किंमत त्यांनी मोजली.

मला जास्त रस अणुधोरणात आहे. बॉम्बवाले म्हणून त्यांना ससाणा, म्हणजे युद्धखोर, ठरवलं जातं. पण सल्लागार मंडळाच्या आत त्यांचं भांडण जास्त बॉम्ब मागणाऱ्यांशी होतं. अभ्यासक भरत कर्नाड त्याच मंडळात होते आणि त्यांना मोठा साठा, हायड्रोजन बॉम्ब, आणखी चाचण्या हव्या होत्या. सुब्रह्मण्यम यांच्या लेखी अण्वस्त्र हे लढायचं शस्त्रच नव्हतं, समोरच्याला विचार करायला लावण्यापुरतं ते हवं. त्यासाठी थोडी पुरतात, मात्र पहिला घाव सोसून शिल्लक राहणारी हवीत. 'पहिला वापर नाही' हे कलम त्यातूनच येतं.

आणि एक बारीक फरक बघा. या मंडळाने केलेल्या अणुधोरणाच्या १७ ऑगस्ट १९९९ च्या मसुद्यात अणुहल्ल्याला प्रत्युत्तर 'दंडात्मक' असेल असं होतं. ४ जानेवारी २००३ ला सरकारने अधिकृत धोरण जाहीर केलं त्यात तो शब्द गेला आणि 'प्रचंड' आला. शिवाय जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तरी अण्वस्त्राचा पर्याय खुला, अशी पाचर मारली गेली. मसुदा अभ्यासकांचा, शेवटचा हात सरकारचा. एका विशेषणाने केवढा फरक पडतो! 'दंडात्मक' म्हटलं की किती मारायचं ते आपल्या हातात राहतं. 'प्रचंड' म्हटलं की छोट्या अण्वस्त्राच्या छोट्या वापरालाही प्रचंडच उत्तर द्यायला आपण बांधले जातो, आणि समोरच्याला वाटतं, हे काही एवढं करायचे नाहीत.

---

चष्मिष्ट

अनुराधाताई, शेवटचा परिच्छेद वेगळा धागा होण्याच्या लायकीचा आहे. काढा.

किसिंजरशी तुलना राहिली. हार्वर्डचा प्राध्यापक १९६९ मध्ये थेट व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. कोलंबियाचे ब्रेझिन्स्की १९७७ मध्ये तसेच. तिथे सरकार बदललं की वरची फळी बदलते, त्यामुळे विद्यापीठातून सरकारात आणि सरकारातून विद्यापीठात अशी ये-जा चालते. आपल्याकडे १९९८ पासूनचे सुरक्षा सल्लागार मोजा : ब्रजेश मिश्र, दीक्षित, नारायणन, मेनन, डोवल. तीन परराष्ट्र सेवेतले, दोन पोलीस सेवेतले. विद्यापीठातला एकही नाही. सुब्रह्मण्यमसुद्धा आधी आयएएस होते म्हणून आयडीएसएत पोचले. निव्वळ प्राध्यापक असते तर बाबूकाकांच्या कपाटापर्यंत तरी गेले असते का, शंकाच आहे.

---

जुनीवही

सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला तेव्हाची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते. आयडीएसए स्थापन झाली नोव्हेंबर १९६५ मध्ये, तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. कृष्ण मेनन गेल्यावर १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनी खातं घेतलं तेव्हा मंत्रालयाची दशा काय होती ते सर्वांना ठाऊक आहे. लष्करी प्रश्नांचा अभ्यास गणवेशाबाहेरच्या लोकांनीही करावा, ही कल्पना त्या काळात दिल्लीला नवखी होती. पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त, त्यांच्यानंतर सुब्रह्मण्यम. सुरुवातीला संस्थेचं बिऱ्हाड दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये.

२०२० मध्ये संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं. म्हणजे एका मराठी संरक्षणमंत्र्याच्या काळात जन्म आणि दुसऱ्या, गोव्याच्या, संरक्षणमंत्र्याचं नाव. मधला मोठा काळ या तमिळ माणसाचा.

---

फुलपाखरू७२

यूपीएससीचा अभ्यास करतोय. जीएस-३ पेपरसाठी कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या समितीवर कुणी चार ओळी देईल का?

---

शंकासूर

फुलपाखरू, चार ओळी मिळणार नाहीत, भांडण मिळेल.

युद्ध २६ जुलै १९९९ ला संपलं, समिती २९ जुलैला नेमली. अध्यक्ष सुब्रह्मण्यम, सदस्य लेफ्टनंट जनरल के. के. हजारी आणि पत्रकार बी. जी. वर्गीज, सदस्य सचिव सतीश चंद्र. डिसेंबरात अहवाल तयार, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत, सुरक्षेच्या कारणाने काही भाग गाळून. आपल्याकडे समित्यांना मुदतवाढीचा रोग असतो, इथे पाच महिन्यांत काम फत्ते. एवढं श्रेय देतो.

आता तक्रार. अध्यक्ष त्याच वेळी सरकारच्या सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक. सतीश चंद्र राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाचे प्रमुख. म्हणजे व्यवस्थेच्या आतल्या माणसांनी व्यवस्था तपासायची. निष्कर्ष काय, तर दोष व्यवस्थेचा. ठपका एकावरही नाही. घुसखोर शिखरांवर बंकर बांधून बसेपर्यंत कुणाला पत्ता नाही, आणि जबाबदार कोण? 'यंत्रणा'.

अजून एक. मागे एका धाग्यावर धागालेखकांनी 'सीडीएस पद (तिन्ही सैन्यदलांचा समाईक प्रमुख) सुब्रह्मण्यम समितीने सुचवलं' असं लिहिलं होतं. चूक. लष्कराची मुख्यालयं सरकारच्या सर्वोच्च रचनेच्या बाहेर आहेत आणि हे कुठल्याही मोठ्या लोकशाहीत नसतं, असं समितीने म्हटलं. सीडीएसची स्पष्ट शिफारस नंतरच्या मंत्रिगटाची, २००१ ची.

---

आडवाटेचा

सीडीएसबद्दल मान्य, चूक माझी. तो जुना प्रतिसाद आता दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथेच कान पकडतो.

ठपक्याबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. समितीला काम दिलं होतं ते घटनाक्रम तपासण्याचं आणि उपाय सुचवण्याचं. चौकशी आयोगाचे अधिकार नव्हते, साक्षीला बोलावून उलटतपासणी नव्हती. पण तुमचा मूळ आक्षेप, की आतल्याने आतलं तपासू नये, तो उरतोच. फक्त हे बघा : गुप्तवार्ता संस्था एकमेकींना माहिती देत नाहीत आणि संयुक्त गुप्तवार्ता समितीला कुणी मोजत नाही, हे त्या अहवालात लिहिलंय. लिहिणारा त्याच समितीचा माजी अध्यक्ष. वीस वर्षांपूर्वी जे खुर्चीत बसून अनुभवलं ते त्याने सरकारी खर्चाने छापून घेतलं. माजी_बाबूंच्या भाषेत, एकदाचं 'सीन'च्या पुढे नेलं.

आणि गतीही बघा. संरक्षण गुप्तवार्ता संस्था २००२ मध्ये, तांत्रिक गुप्तवार्ता गोळा करणारी एनटीआरओ २००४ मध्ये, सीडीएस १ जानेवारी २०२० ला. तोवर सुब्रह्मण्यम जाऊन नऊ वर्षं होत आली होती.

---

माजी_बाबू

वीस वर्षं म्हणजे आमच्या हिशोबाने फाइल तातडीच्या लाल पट्टीत होती म्हणायचं.

---

जुनीवही

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं. लाहोर, कराची, शेवटी दुबई. सुब्रह्मण्यम त्या विमानात प्रवासी होते. त्यांचा मुलगा जयशंकर तेव्हा परराष्ट्र सेवेतला तरुण अधिकारी, आणि हे अपहरण हाताळणाऱ्या गटात. त्यांनी २०२४ मध्ये स्वतः सांगितलं की विमान पळवल्याला काही तास झाल्यावर आईला फोन केला, घरी येता येत नाही म्हणून, आणि तेव्हा कळलं की वडील त्याच विमानात आहेत. घरच्यांचं मन एकीकडे आणि सरकारची भूमिका दुसरीकडे, असं ते म्हणाले. प्रवासी सुखरूप सुटले.

ज्या माणसाने जन्मभर पाकिस्तानवर लिहिलं तो ओलीस म्हणून लाहोरच्या धावपट्टीवर खिडकीशी बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

---

तिरकस

जुनीवही ताई, हे माहीत नव्हतं. काडी मागे घेतो. निम्मी.

पद्मभूषणचं खरं का? नाकारलं म्हणतात.

---

अनुराधा_नक्षत्र

खरं आहे. १९९९ चं. नोकरशहा आणि पत्रकार यांनी सरकारी किताब घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. ते दोन्ही होते, त्यामुळे सुटकाच नव्हती.

---

चष्मिष्ट

@आडवाटेचा, त्या कात्रणांचे फोटो टाका ना. वडिलांनी रेघा कुठे मारल्यात ते बघायचंय.

---

आडवाटेचा

रविवारी स्कॅन करतो. काही कात्रणं खळीने पाठीला पाठ चिकटलीत, ती वाफेवर सोडवावी लागतील.

एक आत्ता समोर आहे म्हणून सांगतो. अण्वस्त्रांवरचाच लेख, तारीख कापली गेलीय. 'विश्वासार्ह' या शब्दाखाली दोनदा रेघ, आणि समासात वडिलांचं बारीक अक्षर : "तोफेचा सुटा भाग यायला चौदा महिने. विश्वासार्ह कसं?" खाली कंसात त्यांच्या कारखान्यातल्या कुठल्याशा ड्रॉइंगचा नंबर आहे. फोरमन माणूस. साहेबांचा लेख जपून ठेवला, पण त्यावर शेरा मारायचा सोडला नाही.